तिसऱ्या हाकेला ओ

३ नोव्हेंबर, सोमवार

आज एकेचाळिसावा मनोरा उभा केला आणि वही काढली. अक्षय म्हणाला, ताई, तू दिवसभर भिंतीशी भांडतेस, त्यापेक्षा लिहून काढ. लहान भाऊ आहे, पण कधीकधी शहाण्यासारखं बोलतो.

आई लोकांना सांगते, आमची रेश्मा कंप्युटरवर डोंगर करते. बरोबर सांगते. परदेशातली बडी कंपनी, तिचं काम घेणारा पुण्यातला स्टुडिओ, आणि किन्हवलीत घराच्या माडीवर बसून डोंगर करणारी मी. गेमचं नाव कुठं लिहायचं नाही असा करार आहे, म्हणून मी त्याला नुसतं 'चौथा' म्हणते. चौथा भाग. पहिला चांगला होता, शपथ घेऊन सांगते. बारावीत असताना शहापूरच्या सायबर कॅफेत खेळले होते. त्यात एका दरीत मी तीन दिवस वाट चुकले आणि त्या चुकण्यापायीच ह्या धंद्यात आले. दुसऱ्यात तेच, फक्त मोठं. तिसऱ्यात तेच, आणखी मोठं आणि वर बर्फ. चौथ्यात तेच, बर्फाच्या जागी आपल्यासारखे डोंगर. शिळ्या कढीला ऊत आणायचा तरी किती वेळा? कढी फाटली तरी ह्यांचा जाळ काही हटत नाही.

पळसाला पानं तीनच म्हणतात. ह्यांच्या पळसाची पानं म्हणजे मनोरा, छावणी आणि पिसं. मनोऱ्यावर चढलं की नकाशा उघडतो. छावणीतली माणसं मारली की ठिपका हिरवा होतो. पिसं दोनशे गोळा करायची, त्यांचं पुढं काय करायचं ते कोणालाच ठाऊक नाही. दर चाळीस सेकंदाला खेळणाऱ्याला काहीतरी दिसलंच पाहिजे असा नियम आहे, लेखी. सगळा नकाशा गोवर उठलेल्या पोरासारखा दिसतो. आणि मनोरा तरी मी कुठं करते? तिसऱ्या भागातला उचलते आणि वर वेगळं छप्पर बसवते. ह्याला ही माणसं 'विशाल मुक्त जग' म्हणतात. मुक्त म्हणे.

एक बरी गोष्ट झाली. मितालीनं, म्हणजे पुण्यातल्या आमच्या लीडनं, मीटिंगमध्ये सांगितलं की उत्तरेच्या डोंगरात एक दरी रिकामी राहिली आहे, कोणाला काही सुचत असेल तर 'स्थानिक रंग' म्हणून एक मिशन करा, दहा दिवस देते. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

खालून आई हाका मारत होती. कानात हेडफोन होते. चहा गार झाल्यावर कळलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सुचलं. आणि हेडफोनमधून सुचलं.

कापणी चालू आहे. टोकावड्याच्या पुढं डोंगरात एक वाडी आहे, तिथून भागीमावशी आणि तिची लेक रंजिता आमच्याकडं कामाला आल्या आहेत. गेली दोन वर्षं येतात. संध्याकाळी मावशी बांधावर उभी राहिली आणि खाचराच्या पार पलीकडं गेलेल्या रंजिताला हाक मारली. मी माडीवर, खिडकी बंद, कानात छावणीतल्या लढाईचा गोंगाट, तरी ती हाक आत आली. आईच्या हाका मला ऐकू येत नाहीत आणि ही आली. आमच्या गावात आता हाक मारतं कोण, शेजारच्या घरातसुद्धा फोन करतात.

मग आईचा नियम आठवला. तिन्हीसांजेला कोणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ देऊ नये. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी त्याला येत नाही. माणूस तीनदा मारतो. अक्षयनं लहानपणी एकदा पहिल्याच हाकेला ओ दिला म्हणून आईनं त्याला चिंचेच्या फोकानं झोडलं होतं. हाक आईचीच होती.

तर मिशन असं. दरीत धुकं. नकाशा बंद, ठिपका नाही, बाण नाही, कड्यावर चढायच्या जागी फासलेला तो दरिद्री पिवळा रंगसुद्धा नाही. हाक येते. पहिल्या हाकेला गेलात की वाट चुकता, फिरून तिथंच. दुसरीला गेलात तरी तेच. थांबायचं. तिसरी आली की बटण दाबून ओ द्यायचा. तुमचा माणूस म्हणतो, "ओऽ". मग धुक्यात वाट दिसते आणि तुम्ही एका घरी पोचता. दारात बाई असते. ती म्हणते, आलास? बस. ना तलवार, ना नाणी, ना पीस. घरी पोचलात हेच बक्षीस.

कित्येक महिन्यांत मला असं काही सुचलं नव्हतं. जेवताना मी एकटीच हसत होते तेव्हा आईनं काळजीनं बघितलं.

९ नोव्हेंबर, रविवार

अक्षयच्या बाईकवर वाडीला जाऊन आलो. स्टुडिओचा रेकॉर्डर नेला होता.

भागीमावशीचं घर वाडीच्या टोकाला आहे, पुढं उतार आणि खाली जंगल. तिला सांगितलं, मावशी, तुझी हाक पाहिजे, एका खेळात घालायची आहे. ती हसली, म्हणाली कोनाला मारू? मी म्हटलं, मार कोणालापण. मग मी काही न सांगता तीच अंगणाच्या कोपऱ्याला गेली, उताराच्या तोंडाशी. तिथली माती पायांनी चोपून गुळगुळीत झालेली होती. मला बरंच वाटलं, पाचोळा वाजत नव्हता. तिथून तिनं हाक मारली, "भाविकाऽऽऽ". नातवाचं नाव असणार. दरी भरून गेली. अक्षयच्या अंगावर काटा आला, त्यानं हात दाखवला मला.

दुसरीही तशीच. आणि मग ती वळून घरात निघाली.

मी म्हटलं, मावशी, तिसरी राहिली. ती म्हणाली, मी दोनच मारते. मी तिला सगळं समजावलं, भुताचं, तिसऱ्या हाकेचं, तिसरी नसेल तर खेळच होणार नाही. ती म्हणाली, पयलीच परत वाजव ना. अगं, तेच तर नको होतं मला! दोन वर्षं एकाच मनोऱ्याला टोप्या घालतेय मी. एका हाकेची नक्कल करून तीन केल्या तर माझ्यात आणि त्या परदेशी शहाण्यांत फरक काय राहिला? ह्या मिशनमध्ये नक्कल नाही म्हणजे नाही. मी हट्टच धरला. रंजिता मधे म्हणाली, ताई, ऱ्हाऊ द्या ना. मी म्हटलं, तू थांब गं जरा.

मावशीनं मग एकच विचारलं. "ओ कोन देनार?"

मी सांगितलं, खेळातला माणूस देणार.

"देनार ना नक्की?"

म्हटलं, शंभर टक्के. आणि एकाच ठिकाणी वाजेल, एका दरीत, बाजार मांडणार नाही. मग तिनं मारली तिसरी. पहिल्या दोन्हींपेक्षा वेगळीच आली, शेवटी आवाज फाटला, आणि नेमकं त्याच वेळी रंजितानं आत जाऊन दार धाडकन लावलं. शेपटीला तो आवाज आला. चरफडले मी. पण हाक अशी आली आहे की दाराचा आवाज कितीही वेळ घालवून पुसून काढीन.

संमतीचा कागद बॅगेतच राहिला. चार पानं, इंग्रजी. मावशीनं भाकरी आणि खेकड्याचं कालवण वाढलं, खाल्लं, निघालो, विसरले. नंतर बघू.

घरी आल्यावर आवाज घुमू नये म्हणून अक्षयला गोधडीत डोकं घालायला लावून त्याच्याकडून सतरा वेळा "ओऽ" म्हणवून घेतलं. अकरावा चांगला आला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

झालं. मितालीला कॉलवर दाखवलं. अक्षयचा "ओऽ" आला तेव्हा तिनं खुर्ची मागं सरकवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, रेश्मा, ह्याला हात लावू देणार नाही मी कोणाला.

ह्या वहीत एक तरी पान रागाशिवाय असावं म्हणून एवढंच लिहिते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आली टेस्टरांची, म्हणजे खेळून चुका शोधणाऱ्यांची, यादी. माझ्या मिशनवर नऊ तक्रारी आहेत, त्यांतल्या आठ एकच. 'पहिल्या व दुसऱ्या हाकेला बटण दाबूनही प्रतिसाद मिळत नाही. गंभीर दोष. त्वरित दुरुस्त करावा.'

दोष! मी उत्तर लिहिलं, हा दोष नाही, भूत आहे. मितालीनं ते पाठवायच्या आधी पुसून टाकलं.

बहुतेक सगळे टेस्टर पहिल्याच हाकेला धावले, चकरा मारल्या आणि वैतागले. अरे, वैतागा ना! चुका! मी शहापूरच्या कॅफेत तीन दिवस चुकले होते, मेले नाही. पण नाही, ह्यांना माणूस चाळीस सेकंदसुद्धा चुकलेला चालत नाही. बोट धरून नेतात, घास भरवतात, आणि वर विचारतात, पोरं कंटाळतात का हो? कंटाळतील नाही तर काय करतील, नाचतील? त्यांचे वरचे साहेब स्वतः एक गेम शेवटपर्यंत खेळत नाहीत. बसलेत तिकडं उंटावर आणि हाकतायत शेळ्या.

हुकूम आला, दरीत मार्कर लावा, म्हणजे वाट दाखवणारा बाण.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लावला. पिवळा. माझ्याच हातांनी लावला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज काय झालं ते सरळ लिहिते, नाहीतर उद्या मीच माझ्याशी खोटं बोलेन.

परदेशातल्या लोकांनी मीटिंग बोलावली. मला वाटलं मिशन काढून टाकणार. काढलं नाही. त्यांना हाक आवडली. फारच आवडली. इतकी आवडली की ती आता चौथ्या भागाचं 'नवं वैशिष्ट्य' आहे. दरी एक नाही. हाकेची ठाणी शहाण्णव. सगळ्या नकाशावर, दर मनोऱ्यामागे दोन. प्रत्येकाचा ठिपका, कर्ण्याचं चित्र. जवळ गेलं की बटण दाबायचं, हाक वाजते, मोजणी पुढं सरकते, शहाण्णव पुरी केली की सोनेरी कर्णा मिळतो. तीन हाका खेळणाऱ्याचा वेळ खातात म्हणून एकच ठेवायची. कोणती? तिसरी, कारण तिच्यात 'सर्वांत जास्त भावना' आहे. आणि ओ काढून टाकायचा. चौदा भाषांत तो करत बसणं परवडत नाही म्हणे. त्याच्या जागी टिंग वाजेल.

पळसाला चौथं पान फुटलं आणि ते मी फोडलं.

सगळ्यांनी अभिनंदन केलं. आणि मग सांगितलं, पाचवा भाग ठरला आहे, त्यात हाकेची ठाणी दुप्पट, आणि त्या कामाची लीड मी. चौथा अजून बाजारात आला नाही तोवर पाचवा! बारसं झालं नाही तर मुंजीचं आमंत्रण. मी म्हटलं, थँक यू. दोनदा म्हटलं. आणि मला आनंद झाला. अर्धा तास झाला असेल. खाली जाऊन आईला सांगितलं, तिनं देवापुढं साखर ठेवली. मग जिना चढताना मला माझीच किळस आली.

एक अडलंय. तिसरी हाक तात्पुरती नाही, आता कायमची जाणार, म्हणून भागीमावशीची सही पाहिजे. शुक्रवार, २८ तारखेच्या आत.

२३ नोव्हेंबर, रविवार

एकटीच गेले, अक्षयची बाईक घेऊन.

ठरवलं होतं की गोडीनं सांगायचं आणि सही घ्यायची. वाटेत पाठ केलं होतं सगळं. मावशी अंगणात नाचणी पाखडत होती. कागद दाखवला, तर म्हणाली, आधी दाव तरी माझी हाक कुठं घातलीस.

लॅपटॉप खाटेवर ठेवला. माझ्याकडं जुनं मिशन होतं, मार्कर लावायच्या आधीचं. तेच लावलं. धुकं बघून ती म्हणाली, आपल्यासारखंच पडलंय. पहिली हाक आली. तिच्या हातातलं सूप थांबलं. दुसरी आली. मग तिसरी. मी बटण दाबलं आणि खेळातला माणूस म्हणाला, "ओऽ".

मावशीनं तोंडाला हात लावला. रंजिता दारात येऊन उभी राहिली होती, ती तिथंच खाली बसली. मग मावशी म्हणाली, परत लाव. मी परत लावलं. पाच वेळा लावलं. पाचव्यांदा ती म्हणाली, "आवाज त्याचा नाय. पन ओ दिला."

मी मूर्खासारखं विचारलं, कोणाचा आवाज नाही?

सांगितलं रंजितानं. भाविक तिचा मोठा भाऊ. चार वर्षांमागं एका माणसाबरोबर कामाला गेला, कुठं बोगदा खणतात तिकडं. दोन महिने फोन येत होता, मग लागेनासा झाला. त्या माणसाचा फोनही बंद. बाप, भिमा, शोधायला जाऊन आला, दोनदा, आणि आता तो त्याबद्दल बोलत नाही. आई मात्र रोज दिवस मावळताना कोपऱ्यावर जाऊन हाक मारते. दोन. तिसरी कधी मारत नाही.

मी विचारलं, का? ते विचारायला नको होतं, पण मला खरंच कळलं नव्हतं. मावशीनंच उत्तर दिलं. "जिता मानूस तिसऱ्या हाकेला ओ देतोच गो. तिसरी मारली नि नाय दिला, मंग काय समजायचं?"

माझ्या कानांत दाराचा तो आवाज वाजला. तीन तास बसून पुसून काढला होता मी तो. पाठ थोपटून घेतली होती स्वतःची.

खोटं बोलले नाही, एवढंच माझ्या बाजूनं लिहिता येईल. सांगितलं तिला सगळं. शहाण्णव ठिकाणी वाजणार. तिसरीच तेवढी वाजणार. आणि ओ कोणी देणार नाही, टिंग वाजेल. मावशीनं टिंग म्हणजे काय ते विचारलं. मी कपाळावर हात मारून सांगितलं, देवळातली घंटापण नाही ती, नुसता आवाज.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. राग मला कळतो. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "तुजा बोल होता ओ देनार म्हनून, तवा मी मारली. ओ नाय तर माझी तिसरी मला परत दे."

मी म्हटलं, मावशी, हाक परत कशी देऊ? ती म्हणाली, ते मला काय ठावं, नेलीस तशी आन.

२४ नोव्हेंबर, सोमवार

मितालीला सांगितलं. तिला वाईट वाटलं, खरंच वाटलं, नाटक नव्हतं. म्हणाली, सही नसेल तर दुसरा आवाज घेऊ, एका दिवसाचं काम आहे. मी म्हटलं, ते करा, पण ही पुसा. तर म्हणते, पुसता येत नाही. वापरातून काढतील, पण सर्व्हरवर जुन्या प्रती राहतात. आपली सिस्टीम काहीच विसरत नाही रेश्मा, एकदा घातलेली फाइल पाचव्या भागात, सहाव्यात, कोणाच्याही हाताला लागू शकते. शिवाय जाहिरातीच्या व्हिडिओत ती आधीच गेली आहे.

म्हणजे भागीमावशीची तिसरी हाक ह्यांच्या कोठारात कायमची पडून राहणार आणि दर दोन वर्षांनी कोणीतरी उचलून टोपी घालणार. मी फोनवर आरडाओरडा केला. मिताली ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, कागदावर अंगठा तूच उठवलास तरी कोणी बघायला येणार नाही. ती चांगली बाई आहे म्हणून मी फोन आपटला नाही, नुसता ठेवला.

दिवसभर आणखी सहा कर्णे नकाशावर लावले. सांगितलेलं काम होतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवस डोकं खाजवत होते. चव, लाज, शब्द, ह्यांतलं काहीच ज्यांना लागू पडत नाही त्यांना काय लागू पडतं? आज आंघोळ करताना सुचलं. वकील.

परदेशातल्या कायदा विभागाला सरळ मेल लिहिली, मितालीला न विचारता. त्यात सगळं कबूल केलं. ९ नोव्हेंबरचं रेकॉर्डिंग मी संमतीशिवाय केलं. कागद बॅगेत असून वाचून दाखवला नाही. बाई नको म्हणत असताना मी हट्टानं तिसरी हाक घेतली. ती कशासाठी वापरणार त्याबद्दल तिला जे सांगितलं ते खोटं ठरलं. आता ती नकार देत आहे आणि सर्व प्रती नष्ट करा म्हणत आहे. दोष माझा आहे. खाली माझं नाव, पद आणि तारीख.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अक्षय मागं उभा होता, म्हणाला, ताई, पाचव्या भागाची लीड आहेस तू. मी म्हटलं, म्हणूनच, आणि बटण दाबलं.

दुपारी अडीचला पाठवली. साडेसहाला उत्तर. जी सिस्टीम काहीच विसरत नाही ती चार तासांत विसरली. सर्व्हरवरून, जुन्या प्रतींतून, जाहिरातीच्या व्हिडिओतून, सगळीकडून. पुसल्याचा दाखला पाठवला, शिक्क्यासकट. दोन वर्षं मी ओरडतेय, मनोरे कमी करा, ठिपके काढा, माणसाला जरा चुकू द्या. एक ठिपका हलला नाही. वकिलाचं नाव काढलं आणि डोंगर हलला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काढलं मला. मिताली बोलताना रडत होती, मी नाही. तिनंच सांगितलं की दुसरा आवाज मिळाला आहे, कोणी व्यावसायिक बाई, तासाभरात झालं काम. ती 'एऽऽहो' असं काहीतरी म्हणते, नाव वगैरे नाही, चौदाही भाषांत चालतं. शहाण्णव ठाणी जशीच्या तशी. पाचवा भागही जसाच्या तसा. कोणाच्या अंगावरची माशीही उडाली नाही.

आईला कळलं तेव्हा तिनं साखरेची वाटी देवापुढून उचलली आणि चहात घातली. अक्षय म्हणाला, मग तुला मिळालं काय? मी त्याच्यावर नको तेवढी ओरडले. राग अजून आहे, भरपूर आहे. त्यांच्यावर आहे आणि ९ तारखेच्या त्या बाईवर आहे, जी रंजिताला 'तू थांब गं' म्हणाली.

३० नोव्हेंबर, रविवार

वाडीवर गेले. शिक्क्याचा दाखला मावशीला दाखवला, वाचून मराठीत सांगितला. तिनं तो रंजिताकडं दिला. मला म्हणाली, आनि तुज्याकडं? माझ्याकडं एक प्रत होतीच. लॅपटॉपमध्ये, आणि फोनमध्ये. मी विचारलं, पुसायच्या आधी एकदा ऐकायची आहे का, ओ सकट? तिनं मान हलवली. नको.

तिच्यासमोर पुसलं. आधी लॅपटॉपमधून, मग फोनमधून. मिशनही गेलं, अक्षयचा अकरावा ओ पण गेला. मावशीनं विचारलं, गेली? म्हटलं, गेली. कुठंच नाय? म्हटलं, कुठंच नाही.

"मंग आली माझ्याकडं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

निघायला उशीर झाला. दिवस मावळत होता. भिमाकाका गवताचा भारा घेऊन आला आणि भिंतीला टेकून बसला. मावशी हात पुसत अंगणाच्या कोपऱ्याला गेली, त्या गुळगुळीत मातीवर उभी राहिली. रंजितानं ह्या वेळी दार लावलं नाही.

एक हाक मारली. खाली जंगलात उतरत गेली ती, पलीकडच्या डोंगराला लागली, विरली. मग दुसरी. सवय लागली आहे ना, तिसरीची वाट बघत होते.

मावशी वळली, मला म्हणाली, अंधार व्हायच्या आत घाट उतर गो, आणि भाकऱ्या थापायला आत गेली.